ऊन पाण्याची स्वस्त सहल

जपानच्या सहलीचे बेत आता आपल्या नवागाम-डिंडोलीतल्या घरांतही ठरू लागलेत. यादीत बुलेट ट्रेन असते, फुजी असतो आणि तिसरं असतं ‘ओन्सेन’, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यातलं स्नान. त्याचं हॉटेलसकट भाडं पाहिलं की बहुतेक जण तिसरी ओळ खोडतात. ती खोडू नका. जपानी माणूस रोज काही तसल्या हॉटेलात न्हायला जात नाही. गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहाला तिथे ‘सेंतो’ म्हणतात. टोकियोत त्याचा कमाल दर सरकार ठरवतं. ऑगस्ट २०२४ पासून तो ५५० येन झाला, म्हणजे आपले तीनशेच्या आसपास रुपये. सेंतोचं पाणी बहुधा साधंच, तापवलेलं असतं. खरा झरा हवा असेल तर नागानो प्रांतातल्या नोझावा ओन्सेन या गावी जा. तिथे गावकऱ्यांनीच सांभाळलेली १३ स्नानघरं आहेत. तिकीट नाही, दाराशी दानपेटी असते.

पण विमानाच्या तिकिटाचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी हा लेख पुढे आहे.

जपानच्या १९४८ च्या कायद्यानुसार जमिनीतून निघताना पाणी २५ अंश असलं तरी ते ओन्सेन ठरतं. त्या मापाने आपल्या दारातच ओन्सेन आहे: नवसारी जिल्ह्यात, वांसदा तालुक्यातलं उनाई. गुजराती दंतकथा अशी की वनवासात रामाने बाण मारून गरम पाणी काढलं, सीता न्हाली आणि म्हणाली, “हूं नाही”, म्हणजे ‘मी न्हाले’. त्यावरून उनाई. मराठी कानाला ते ‘हूं, नाही!’ असं ऐकू येतं आणि आमच्या घरी दर वेळी यावर हशा होतो. मला मात्र त्या नावात आपलं ‘ऊन’ दिसतं. ऊन पाणी, ऊन ऊन भात यातलं. कोकणातलं उन्हवरे, आपल्या खानदेशातलं उनपदेव, सगळी त्याच घरातली नावं.

उनपदेव चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. गायमुखातून गरम पाण्याची धार कुंडात पडते. तिथेही गोष्ट तीच, रामाने शरभंग ऋषींसाठी बाण मारला. शहादा तालुक्यात आणखी एक उनपदेव आहे. सुट्टीत गावी जाणाऱ्यांना यातलं एक तरी वाटेवर पडतं.

बाण बाजूला ठेवला तर हिशोब साधा आहे. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं. खाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी ज्वालामुखीची भट्टी असते, आपल्याकडे नुसती खोली पुरते.

उनाईला स्वस्तात जायचं तर ताप्ती लाइनच्या गाडीने व्यारा, पुढे एसटी. मुलं बरोबर असतील तर मी बिलीमोऱ्याहून छोटी गाडी धरायला सांगेन. बडोद्याच्या गायकवाडांच्या काळातली ही नॅरोगेज बिलीमोरा ते वघई ६३ किलोमीटर धावते, वाटेत ‘उनाई-वांसदा रोड’ स्टेशन आहे. २०२० मध्ये तोट्यातला मार्ग म्हणून ती बंद करायचं ठरलं होतं, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. फेऱ्या मोजक्याच, म्हणून वेळापत्रक पाहूनच निघा.

आमचे पप्पा तीस वर्षं लूमवर उभे राहिले, बारा-बारा तासांची पाळी. “घरात गीझर आहे, पैसे कशाला घालवायचे?” हे त्यांचं उत्तर ठरलेलं. आमच्या पिढीला बसून पगार मिळतो तो या लोकांच्या उभं राहण्यावर, एवढं मी त्यांना तोंडावर बोलू शकत नाही. तिकिटं काढून मोकळा होतो. त्या पाण्याने गुडघे बरे होतात असं मी म्हणणार नाही. ऊब लागते, आखडलेलं अंग तेवढ्यापुरतं सैल होतं. दहा-पंधरा मिनिटं पुरे. हृदयविकार किंवा ब्लडप्रेशर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जुना मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही, त्यांच्याआधी आपण हात घालून पाहायचा.

जपानकडून फुकटात आणण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथे आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ अंग धुतात, मगच कुंडात उतरतात. टॉवेलसुद्धा पाण्याला लावत नाहीत. आपल्याकडच्या कुंडांत साबणाचा फेस आणि शाम्पूच्या पुड्या तरंगताना मी पाहिल्यात, आणि तिथूनच लोक ‘तीर्थ’ म्हणून बाटली भरतात. ग्रुपमधल्या पोरांना बादली आणि मग घेऊनच पाठवा.

आणि आई, आत्या, वहिनी येणार असतील तर निघण्याआधी चौकशी करा: बायकांचं कुंड आडोशाचं आहे का, कपडे बदलायला खोली आहे का, तिला आतून कडी आहे का. नाहीतर पुरुष दोनदा न्हाऊन येतात आणि बायका बाहेर पिशव्या सांभाळत बसतात.