संसारांतील चार गोष्टी : कलमाचा शब्द

गेल्या आषाढांत बाळकुम येथें पुतण्याच्या घरीं गेलों होतों. एके काळचें हें खेडें आतां ठाणें शहरांत मिसळून गेलें आहे. अंगणें गेलीं, तरी सज्जासज्जांतून कुंड्या दिसतात. घरांत मोठा वाद चालला होता. धाकटा नातू दहावी उत्तीर्ण झाला, आणि रोपवाटिका चालविण्याचें शिक्षण घेईन असें म्हणूं लागला. सूनबाईंस वाटे, शास्त्र्यांच्या घराण्यांत हें माळीकाम कशाला? अखेर निकाल माझ्यावर सोंपविण्यांत आला.

मला माझेंच झाड आठवलें. पंधरा वर्षांपूर्वीं परसांत हापूस म्हणून एक कलम लाविलें. सौभाग्यवतीनें त्यास रोज पाणी घातलें. सहाव्या वर्षीं फळ धरलें, तें आंबट रायवळ! "लोणच्यास बरें," एवढेंच ती बोलली. विकणारा लबाड नव्हता. काडी कोणत्या झाडाची, याची त्याच्यापाशीं नोंदच नव्हती. पैसे थोडे गेले. सहा वर्षें मात्र परत येत नाहींत.

कापड दुकानांतच चाचपून घेतां येतें. कलमाची परीक्षा वर्षांनुवर्षांनीं होते. तोंवर गिऱ्हाइकाच्या हातीं केवळ विक्रेत्याचा शब्द असतो. म्हणून उत्तम मातृवृक्ष राखणें, खुंट व काडी कोठून आणली तें वहींत टिपणें आणि रोपास चिठ्ठी बांधणें, ही या धंद्यांतील पहिली विद्या होय. महाराष्ट्रांत फळझाडांच्या रोपवाटिकांस 1969 च्या कायद्यानें परवाना आवश्यक केला, तो याचसाठीं.

ही विद्या शास्त्र्यांस परकीही नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय घातला, आणि फणस, जांभूळ, डाळिंब यांच्या फांद्या शेण माखून लावण्याची व दुसऱ्या झाडावर बसविण्याची रीति सांगितली.

परंतु पोथी वाचून हात बसत नाहीं. कोंकणांत आंब्याचें कोय कलम पावसाळ्यांत बांधतात. कोय रुजून पंधराएक दिवस झालेले असावे. पानें तांबूस, देंठ कोंवळा. शेंडा छाटून मधोमध खांच पाडावयाची, काडीस पाचरीचा आकार द्यावयाचा, आणि साल सालीस जुळवून पट्टी आवळावयाची. सुरी बोथट असली कीं श्रम वायां गेले.

मार्ग अनेक आहेत. दहावीनंतर कृषि पदविका घेतां येते. बारावी विज्ञानानंतर उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी आहे. 1972 सालीं स्थापन झालेल्या दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठांत तिची सोय आहे. भाजीपाल्याच्या रोपवाटिकांकरितां राज्य सरकारनें 2020 सालीं अहिल्यादेवी होळकर यांच्या नांवें योजना काढली, तींत स्त्रियांस प्राधान्य ठेविलें. तेव्हां घरांतील मुलींनींही याचा विचार करावा.

मीं नातवास एक अट घातली. प्रवेशापूर्वीं एक पावसाळा एखाद्या रोपवाटिकेंत राबावें, शंभर कलमें स्वतः बांधावीं, आणि जगलीं किती, मेलीं किती, तें प्रामाणिकपणें वहींत लिहावें. मेलेल्यांचा आंकडा लपविण्याचा मोह झाला नाहीं, तर तो या धंद्यास लायक समजावा.

सूनबाईंनीं एवढेंच विचारलें, "आणि वही कोण तपासणार?" मीं म्हटलें, "तुम्हींच."