आधी जू उतरवा

तर झालं असं की, दोन महिन्यांपूर्वी आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक मोठ्ठा बोर्ड लागला. 'आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात?' बाजूला रंगीत चिठ्ठ्या आणि स्केचपेनं. लिहा आणि चिकटवा.

त्या आठवड्यात मी रात्रीच्या सपोर्टवर होतो. रात्री दोनला फोन, सर्व्हरची डिस्क भरलेली, जुने लॉग उडवा, साडेतीनला परत आडवे व्हा, नऊच्या मीटिंगला हजर. हाच सर्व्हर, हीच डिस्क, आठवड्यात तिसऱ्यांदा. झोपेचं पार खोबरं! मी चिठ्ठीवर लिहिलं, 'आज रात्री फोन वाजला नाही तर कृतज्ञ राहीन'. आणि ती चुरगळून खिशात घातली. चिकटवायची हिंमत कुठली?

संध्याकाळी आईचा फोन आला. "जेवलास का?" एवढंच विचारलं तिने, आणि मी खेकसलो तिच्यावर. "बरं, ठेवते," म्हणाली आणि ठेवला. मी बराच वेळ त्या फोनकडे बघत बसलो. ज्यांच्यावर राग होता त्यांना दुपारी 'शुअर, नो प्रॉब्लेम' म्हणून आलो होतो. आणि तो काढला कुणावर, तर जी ऐकून घेईल याची खात्री होती तिच्यावर.

शनिवारी, इंजिनियरची खोड, शोधाशोध करायला बसलो. खरं सांगायचं तर, कृतज्ञता वगैरे सगळं थोतांड आहे हे सिद्ध करायचं होतं मला. पण तसं काही निघालं नाही.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा कृतज्ञ वाटावं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. दहा आठवड्यांनंतर पहिल्या गटातले लोक आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले, आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा व्यायामही जास्त करत होते. २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग केला. एक आठवडा रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती 'का' घडली तेही लिहायचं. त्याचा परिणाम सहा महिन्यांनीही दिसत होता.

मला तो 'का' आवडला. कारण 'का' लिहायला गेलं की बहुतेक वेळा कुणाचं तरी नाव येतं. मी वही घातली. पहिल्याच आठवड्यात मेसच्या काकू तीनदा आल्या (रात्री अकरापर्यंत डबा झाकून ठेवतात, मागितला नव्हता), आणि मला ताप असताना माझा कॉल परस्पर घेणारा टीममधला मित्र दोनदा. त्याला मी साधं 'थँक्स' पण म्हटलं नव्हतं.

पण मंडळी, इथेच एक गोची आहे. वही लिहूनही रात्री दोनला फोन वाजतच होता!

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाचं एक सोपं गणित मांडलं. नुसतं काम जास्त असल्याने माणूस पिचत नाही. मागणी जास्त आणि आपल्या हातात ठरवण्यासारखं काही नाही, ही जोडी माणसाला पिचवते. आता सांगा, माझ्या हातात काय होतं? रंगीत चिठ्ठी.

माझं आजोळ मराठवाड्यात आहे. तिथला पोळा लहानपणापासून बघतोय. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. शिंगांना नाही, पाठीला नाही, खांद्याला. वर्षभर जू जिथे घासलं नेमकं तिथे. दुसऱ्या दिवशी अंघोळ, रंग, झूल, पुरणपोळी. आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी जू नाही, औताला जुंपणं नाही. जू तसंच मानेवर ठेवून कुणी बैलाला ओवाळलं, तर अख्खं गाव हसेल. आमच्या कॅन्टीनमध्ये कुणीच हसत नव्हतं, एवढाच फरक.

म्हणून माझं मत असं, की कृतज्ञता आणि तक्रार या सवती नाहीत. 'बाकीच्यांकडे बघ, तुला निदान नोकरी तरी आहे' ही कृतज्ञता नाही, हे गप्प बसवणं आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे आपण स्वतःलाच सांगतो. खरी कृतज्ञता कुणाचा खांदा कुठे दुखतोय ते बघते. स्वतःचा खांदाही त्यात आला.

मग मी वहीच्या मागच्या पानांवर रात्रीचे कॉल लिहायला लागलो. महिन्यात चौदा, त्यातले नऊ त्या एका डिस्कचे. तो कागद घेऊन लीडकडे गेलो. आवाज न चढवता म्हटलं, जुने लॉग आपोआप उडवायचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, ते या आठवड्याच्या यादीत घ्या. आणि रात्री कॉल झाला तर सकाळची मीटिंग माफ करा. पहिलं लगेच मान्य झालं. दुसऱ्यावर 'बघू' आहे. मी दर सोमवारी आठवण करतो.

राहिली आई. आपल्याकडे घरात 'धन्यवाद' म्हटलं तर सत्कार समारंभ वाटतो. त्यामुळे तो शब्द टाळला. फोन करून म्हटलं, "त्या दिवशी उगाच ओरडलो. आणि बारावीला मी पहाटे साडेचारला उठायचो ना, तेव्हा चहा आधीच तयार असायचा. म्हणजे तू चारला उठायचीस. हे माझ्या डोक्यात आत्ता आलं."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "त्यात काय एवढं? जेवलास का?"

"जेवलो," म्हटलं. आणि काय काय जेवलो तेही सगळं सांगितलं.