पोट असलेला रंधा

गेल्या हिवाळ्यात सुरतला जाणे झाले. मुक्काम गोडादऱ्याला होता. हा भाग म्हणजे जवळजवळ खानदेशच! जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडून ताप्ती लाइनने आलेली माणसे गोडादरा, लिंबायत, डिंडोलीत स्थिरावली आणि आज गल्लीत गुजरातीच्या बरोबरीने अहिराणी कानावर पडते. आम्ही गोव्यात मराठीवरून वाद घालतो, इथे ती नुसती बोलतात. असो.

घराखालीच एका सुताराचे दुकान. प्लायवूडच्या कपाटांचे काम चालले होते. वरच्या फळीवर एक लाकडी रंधा धूळ खात पडलेला दिसला. हातात घेतला, तर तळ सपाट नव्हता. होडीच्या बुडासारखा पुढून मागे वळलेला.

"दादा, हा कशासाठी?"

खुर्चीच्या पाठीसाठी, ते म्हणाले. वडिलांनी स्वतः घडवलेला. आणि मग हसून, "आते कोन्ले लागस हाई, भाऊ?"

आता कोणाला लागतो? मला लागला होता. आमच्या सोप्यावर आजोबांची वेताची आरामखुर्ची आहे. पाठीची वरची पट्टी मोडली, तेव्हा दुरुस्तीला दिली. परत आली ती सरळ पट्टी स्क्रूने आवळून. तेव्हापासून तिच्यात कोणी बसत नाही, पाठीला टोचते.

कारण साधे आहे. खोलगट जागेत सपाट रंधा टेकतच नाही, दोन्ही टोकांवर अडकतो. म्हणून खुर्ची करणारा मेस्त आधी रंधा करायचा. कठीण लाकडाचा ठोकळा घ्यायचा, तोंड कोरायचे, पाते तिरपे बसवून लाकडी पाचरीने आवळायचे आणि तळाला हवा तेवढा बाक द्यायचा. पाते जास्त पुढे आले तर ठोकळ्याच्या मागच्या बाजूला मोगरीचा एक ठोका. लोखंड तेवढे बाहेरचे, बाकी सगळे घरचे. खुर्चीचे माप कागदावर नसायचे, ते रंध्याच्या पोटात असायचे.

यंत्रांनी हे संपवले असे आपण सरसकट म्हणतो. मला ते पटत नाही. विजेचा रंधा वाईट नव्हे. दिवसभर फळ्या तासून ज्याचे खांदे भरून येतात त्याला, हातानेच तास, असे सांगणारा मी कोण? रंध्याला बेकार केले ते प्लायवूडने. सरळ तक्ते कापा, वर सनमायका चिकटवा, झाले. तासायला लाकूडच उरले नाही. आणि प्लायवूड मागितले कोणी? आम्हीच ना!

उलटे उदाहरण गुजरातेतच आहे. बडोद्याजवळच्या संखेड्याला सागाच्या, कातलेल्या पायांच्या रंगीत खुर्च्या आणि झुले अजून होतात. फिरत्या लाकडावर लाख चढवतात आणि केवड्याच्या पानाने ती सारखी करतात. केवड्याचे पान हेही तिथे अवजारच! लोक ते फर्निचर मागतात, म्हणून ते पानही लागते.

आपल्याकडे बाणावलीला 'गोवा चित्र' संग्रहालयात जुनी अवजारे जपून ठेवली आहेत, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण पाहून रंधा कळत नाही, तो चालवावा लागतो. सरकारची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. 18 व्यवसायांत सुतार आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात. चांगलेच आहे. माझी हरकत एवढीच, की यात अवजार म्हणजे दुकानातून आणायची वस्तू असे गृहीत धरलेले दिसते. पाच-सात दिवसांच्या प्राथमिक प्रशिक्षणात एक दिवस प्रत्येकाकडून एक लाकडी रंधा का करून घेऊ नये? ज्याला स्वतःचा रंधा करता येतो, त्याला गिऱ्हाइकाच्या पाठीचा बाकही घेता येतो.

निघताना त्या दादांना खुर्चीची हकिगत सांगितली. त्यांनी रंध्याची पाचर सैल करून पाते काढले. गंजले होते, पण धार लावता येईल म्हणाले. मोडलेला तुकडा आणाल तर पट्टी करून देतो. तुकडा माझ्याकडे नाही, दुरुस्तीवाल्याकडेच राहिला. पण पाठीची खालची पट्टी अजून मूळची आहे, तिचाही बाक तोच. चवथीला गावी गेलो की पुठ्ठ्यावर तिचा साचा काढून घेणार आहे.