कार्डावर लिहू नका, पण विचारा



सुरतेत दिवस गेलेल्या बाईने महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवले की वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, एचआयव्ही असे सगळे तपासले जाते. नवरा हात उचलतो का, हे कुणी विचारेलच याची मात्र खात्री नाही. पोटावर मार बसला तर रक्तस्राव होतो, गर्भ पडतो, अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मते, हे डॉक्टरांना सांगायला नको. तरी हा ‘घरचा मामला’!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ३ टक्के स्त्रियांनी गरोदरपणी मारहाण झाल्याचे सांगितले. आकडा लहान वाटेल. पण त्याच पाहणीनुसार, हिंसा सोसलेल्या तीन चतुर्थांशांहून अधिक जणींनी ना कुणाकडे मदत मागितली, ना कुणाला सांगितले.

जागतिक आरोग्य संघटना सरसकट सगळ्यांना विचारा असे म्हणत नाही. गर्भवतीच्या तपासणीत संशयास्पद लक्षणे दिसली आणि मदतीची सोय असली तर जरूर विचारा, असा तिचा २०१६चा सल्ला आहे. माझे मत याहून पुढचे आहे. सगळ्यांनाच विचारा. निवडक जणींना आत थांबवले की ‘आमच्या सुनेलाच का?’ हा प्रश्न बाहेर बसलेल्या सासूच्या मनात आलाच म्हणून समजा. प्रत्येकीला पाच मिनिटे एकटीला बोलावण्याची रीतच पडली, तर कुणाचे लक्ष जाणार नाही.

उत्तर मात्र गर्भवतीला मिळणाऱ्या ममता कार्डावर लिहू नये. ते कार्ड घरी जाते, नवऱ्याच्या हातात पडते. आशाताईंवरही हे काम टाकू नये. त्या त्याच गल्लीत राहतात, त्यांनाही उद्या तिथेच वावरायचे असते. एचआयव्हीच्या तपासणीआधी समुपदेशन करणाऱ्या ताई गुपित राखायला शिकलेल्या आहेत. त्यांनाच हे विचारायलाही शिकवा.

‘विचारून पुढे काय?’ असे म्हणणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र काढले. पुढे ते इतर रुग्णालयांतही गेले. गुजरातेत स्त्रियांसाठीची १८१ ‘अभयम्’ हेल्पलाइन २०१५पासून राज्यभर आहे, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याने संरक्षण अधिकारीही दिले आहेत. बाईला तिथवर नेणारे कुणी हवे.

सुरतेतल्या आपल्या खानदेशी वस्तीची अडचण आणखी वेगळी. पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर ताप्ती लाइनच्या गाडीने नंदुरबार, धुळे, जळगावकडे माहेरी जाते आणि इथल्या केंद्राशी तिचा संबंध तुटतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे आणि जाण्याआधी पुन्हा एकदा. महापालिकेने सुरुवात लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतून करावी. तिथे अहिराणी समजणारी समुपदेशक नेमावी. मार कसा बसला हे परक्या भाषेत सांगायला लावले, तर ती ‘पाय घसरला’ एवढेच म्हणेल.

— एक वाचक, लिंबायत, सुरत