छत्तीस चिन्हांचा दुराग्रह

आमचे एक विद्वान प्रतिपक्षी असे फर्मावतात की, संगणकाच्या दफ्तरातील नोंदीचे ओळखचिन्ह यंत्राने यंत्रासाठी घडविलेले असल्यामुळे ते माणसाला वाचता यावे ही अपेक्षाच बालिश होय. 128 बिटांचा यूयूआयडी काढावा, 36 चिन्हांत लिहावा आणि स्वस्थ झोपावे. या सिद्धांतात खोट एवढीच की, तो ज्या जगासाठी रचला आहे त्या जगात टेलिफोन नाही.

अडकलेल्या पैशांची तक्रार घेऊन जो ग्राहक फोनवर येतो तो यंत्र नसतो. षोडशमान पद्धतीत अंकांच्या जोडीला येणाऱ्या सहा रोमन अक्षरांपैकी बी, सी, डी आणि ई ही चार एकाच ईकारावर विसावतात, 'थ्री' हा अंकही त्याच सुरात मिसळतो, आणि 'ए' म्हटले की ऐकणाऱ्याला तो अर्धवट 'एट' तर नव्हे अशी शंका येते. त्यात आपला मराठी माणूस अंक सुटे न सांगता जोडीने सांगणार. 59 चे 'एकोणसाठ' झाले की ऐकणारा 'साठ' एवढेच पकडून 6 लिहून मोकळा. मी स्वतः असा एक 'एकोणसाठ' 69 म्हणून उतरवून घेतला आणि पाऊण तास भलताच दाखला धुंडाळीत बसलो होतो. "नक्कल करून चिकटवा की!" असे यावर उत्तर मिळते. छापील पावतीवरून ते कसे साधावे, हे मात्र गुलदस्त्यात राहते.

याच मंडळींनी पूर्वी 1, 2, 3 हा साधा अनुक्रमच पुरेसा असल्याबद्दल कंठशोष केला होता. दोन शाखांची दफ्तरे एकत्र करताना क्रमांकावर क्रमांक आदळले, तेव्हा ती या टोकाला येऊन बसली.

आमच्या पक्षातील हौशी लोकही निर्दोष नाहीत. 2048 शब्दांच्या यादीतून तीन-तीन शब्दांची गोंडस नावे काढली, तर सुमारे 1 लाख 9 हजार नावांतच दोन सारखी निघण्याचा संभव निम्म्यावर जातो.

मग करावे काय? डग्लस क्रॉकफर्ड यांच्या बत्तीस चिन्हांच्या लिपीत आय, एल, ओ आणि यू वगळलेले आहेत. तीत तेच 128 बिट 26 अक्षरांत मावतात. आरंभी ग्राहक की पावती हे सांगणारा लहानसा उपसर्ग, मध्ये चार-चारांचे गट आणि अखेरीस एक तपासणी-अक्षर जोडावे. बी-डीचा कानातील घोळ याने मिटणार नाही हे कबूल. पण एक अक्षर चुकले तर परक्याचे खाते उघडण्याऐवजी यंत्रच हटकील. प्रतिपक्ष्यांनी आपल्या आधारपत्राकडे एकवार पाहावे: त्यावरील 12 अंक चार-चारांच्या तीन गटांत छापलेले असतात, आणि शेवटचा अंक केवळ तपासणीचा असतो.