'हवाईसुंदरी' या शब्दाची झडती

मराठीत व्यवसायाची नावे बहुधा कामावरून पडतात. विणतो तो विणकर, शिकवते ती शिक्षिका. विमानात प्रवाशांची सुरक्षा आणि सोय सांभाळणाऱ्या स्त्रीला मात्र भाषेने 'हवाईसुंदरी' केले. या नावात तिचे काम कोठेच नाही; आहे ते केवळ रूप. त्याच विमानात तेच तबक हाती घेऊन फिरणाऱ्या पुरुषाला 'हवाईसुंदर' म्हणावे, असे कोणालाही सुचले नाही.

हा शब्द निरुपद्रवी वाटतो. परंतु त्याच्या पाठीशी नियम उभा होता. एअर इंडियाच्या जुन्या सेवानियमांनुसार हवाईसुंदरीने वयाच्या ३५व्या वर्षी, अथवा पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास त्या वेळी, अथवा पहिल्या गरोदरपणी नोकरी सोडावयाची होती. यांपैकी जे आधी घडेल ते. व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असल्यास ४५पर्यंत मुदतवाढ. पुरुष सहकारी ५८पर्यंत निर्धास्त. नर्गेश मीर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली गरोदरपणाची अट आणि मर्जीचा अधिकार रद्द केला. मात्र दोघांचे संवर्ग भिन्न आहेत, या कारणास्तव वयातील तफावत ग्राह्य धरली. पुढे २००३ साली, स्त्रियांनी ५०व्या वर्षी उड्डाण थांबवावे आणि पुरुषांनी ५८पर्यंत करावे, ही व्यवस्थाही न्यायालयास भेदभावाची वाटली नाही. कर्मचारी संघटनेशी झालेल्या करारांचा तिला आधार होता. पण संवर्ग आकाशातून पडत नाहीत. ते माणसे पाडतात, आणि पाडून झाल्यावर त्यांचाच दाखला देतात.

प्रवाशांना तरुण, प्रसन्न चेहरा आवडतो, असे या व्यवस्थेचे समर्थक सांगत आले. प्रवाशाची आवड हा जर निकष असेल, तर तो पुरुषाच्या टकलाला आणि सुटलेल्या पोटाला का लागू होत नाही? त्याच्या कानशिलावरचे पांढरे केस अनुभवाची साक्ष ठरतात. तिचे तेच केस निवृत्तीची सूचना. १९८६ साली कराचीच्या विमानतळावर अपहृत विमानातील प्रवाशांना वाचविताना नीरजा भनोत हिने प्राण दिले. तिला मरणोत्तर लाभलेले अशोकचक्र धैर्याचे आणि कर्तव्याचे होते, रूपाचे नव्हते. संकटकाळी दार उघडणारा हात प्रवाशाला हवा असतो; त्या हाताच्या मालकिणीचा वर्ण त्या क्षणी कोणी विचारत नाही.

ही मोजपट्टी विमानकंपनीने शोधलेली नाही. ती घरातूनच तिच्या हाती आली. विवाहविषयक जाहिरातींत वधू 'गोरी, सुस्वरूप' मागितली जाते आणि वराचा पगार सांगितला जातो. बैठकीत तिला चालून दाखवावे लागे. त्याला कोणी उठूनही उभे केले नाही. तिच्याकडे पाहावयाचे आणि त्याचे ऐकावयाचे, ही वाटणी दिवाणखान्यात झाली. नोकरीच्या नियमांनी तिच्यावर केवळ शिक्का मारला.

पुरुषांचेही रूप तपासावे, अशी मागणी येथे नाही. रूप हा ज्या कामाचा भागच नाही, तेथे ते स्त्रीच्या पात्रतेत मोजू नये, एवढीच आहे. शब्दकोशातून एक शब्द काढून ती पुरी होणार नाही. पण आरंभ तेथून करता येईल.