तिसऱ्या क्रमांकाला माणूस द्या



दक्षिण आफ्रिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताला घरच्या मैदानावर २-० असे हरवले. तेव्हापासून एकच स्पष्टीकरण ऐकू येते : संघ नवा आहे, वेळ द्या. वेळ जरूर द्यावा, पण तो खेळाडूला मिळतो आहे का?

साई सुदर्शनचेच पाहा. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्सला पदार्पणातच त्याला तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. पुढच्याच कसोटीत तिथे करुण नायर आला. मँचेस्टरला पुन्हा सुदर्शन. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत त्याने ८७ धावा केल्या आणि लगेचच्या कोलकाता कसोटीत तो संघाबाहेर! तिसरा आला वॉशिंग्टन सुंदर. तो वाईट खेळला नाही. दुसऱ्या डावातल्या ९३ धावांत सर्वाधिक ३१ त्याच्याच होत्या. तरी गुवाहाटीला त्याला आठव्या क्रमांकावर ढकलले आणि सुदर्शनला परत आणले. द्रविड आणि पुजारा यांनी वर्षानुवर्षे सांभाळलेल्या जागेची ही संगीत खुर्ची झाली आहे.

रोहित शर्मा ७ मे २०२५ ला आणि विराट कोहली १२ मे ला कसोटीतून निवृत्त झाला, म्हणून ही वेळ आली, असे म्हणणे अपुरे आहे. पुजारा आणि रहाणे २०२३ मध्येच बाहेर गेले होते. बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध १५० धावा करणाऱ्या सरफराज खानला ऑस्ट्रेलियात एकही कसोटी मिळाली नाही आणि इंग्लंड दौऱ्यातून तर वगळण्यातच आले. जुने असताना नव्यांना रुजवायचे, तेच राहून गेले.

हे काम मुंबईकरांनी एकदा उत्तम करून दाखवले आहे. विजय मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष असताना १९६९ मध्ये विश्वनाथ आणि सोलकर घरच्या मालिकांत खेळू लागले. विश्वनाथ पदार्पणात आधी शून्यावर बाद झाला, दुसऱ्या डावात त्याने १३७ केल्या. १९७१ मध्ये मर्चंट यांच्या निर्णायक मताने कर्णधारपद अजित वाडेकरांकडे गेले. वेस्ट इंडीजला जाताना गावसकर संघात होता आणि तिशीतला दिलीप सरदेसाईही. किंग्स्टनला ५ बाद ७५ अशी अवस्था असताना सरदेसाई आणि सोलकर यांनी १३७ धावांची भागी केली. सरदेसाईंच्या २१२, बावीस वर्षांच्या सोलकरच्या ६१! त्या मालिकेत गावसकरने ७७४ आणि सरदेसाईंनी ६४२ धावा काढल्या. सरदेसाईंना घरी बसवून फक्त तरुण पाठवले असते तर किंग्स्टनला काय झाले असते, याचा विचार आजच्या निवड समितीने जरूर करावा.

कर्णधार शुभमन गिलने २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये ७५४ धावा केल्या, मालिका २-२ अशी सुटली. गुणवत्तेची वाण नाही. समितीने तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज ठरवून त्याला सलग दोन मालिका द्याव्यात, मध्ये एखादे शून्य आले तरी. आणि के. एल. राहुल खेळतो आहे तोवरच त्याच्यानंतरचा सलामीवीर त्याच्यासोबत मैदानावर उतरवावा. राहुलच्या निवृत्तीची बातमी आल्यावर शोध सुरू होऊ नये.

– एक क्रिकेटप्रेमी वाचक, रत्नागिरी